बोहनीच्या चार ओळी

पडद्यावरच्या हिरव्या चौकटीत 'स्वीकारले' हा शब्द उमटला आणि गजेंद्रने तो पुन्हा एकदा वाचला. शब्द चांगला होता. इंग्रजीतून काढून मराठीत त्यानेच तो त्या जागी बसवला होता, आणि बसवला त्या दिवशी घरी जाताना पावशेर सोनपापडीही नेली होती. पण आज बुधवारी, मे महिन्याच्या सकाळी साडेदहाला, हा शब्द तिथे यायला नको होता. रोहण्याचे रूपराव, कापसाच्या जिनिंगचे मालक, आज खास जीप करून आले होते. त्यांना कागदावर लिहून दिला होता चाचणीचा सोळा आकडी कार्ड नंबर. तो टाकायचा, बटण दाबायचं, पावती घ्यायची, चहा प्यायचा, एवढंच काम. रूपरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि मिशीतल्या मिशीत हसत आधी आपल्या जीपचा नंबर दाबला, मग घरच्या फोनचा, आणि उरलेल्या जागी आठ, आठ, आठ. "पाहू द्या बावा तुमच्या मशीनची अक्कल," ते म्हणाले. मशीनने क्षणभरही विचार केला नाही. कार्ड चांगलं, पैसे आले, माल रवाना करा, असं सांगून ते मोकळं झालं. प्रिंटरने तर चर्र चर्र करत पावतीही बाहेर काढली. चार रोलर, रोहणा, श्री. रूपराव.

"म्हंजे मी असा रोज येऊ का?" रूपराव म्हणाले. "रोज चार रोलर जीपच्या नंबरावर?"

कूलरचं पाणी टपटपत होतं. गजेंद्रने मागे पाहिलं नाही. मागे त्याचे सासरे प्रभाकरराव उभे होते. पाठीच्या कातडीने माणूस पाहू शकतो हे गजेंद्रला गेल्या चार वर्षांत कळलं होतं. प्रभाकररावांनी चष्मा कपाळावर चढवला, की खाली घेतला, की धोतराच्या सोग्याने पुसला, हे त्याला न वळता सांगता आलं असतं. आत्ता चष्मा कपाळावर होता.

पैसे खरे नव्हतेच. रोलरही जागचे हलणार नव्हते. सगळा व्यवहार त्या एका डब्याच्या आत चालला होता. आधी दुकानातल्याच कॉम्प्युटरवर, बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध न ठेवता, सगळं लावून पाहायचं. तिथे चोख चाललं की मगच खऱ्या बँकेला जोडायचं. त्या डब्यात गिऱ्हाईक होतं, दुकान होतं आणि एक लुटुपुटीची बँकही होती. गिऱ्हाईक दुकानाला विचारी, दुकान बँकेला विचारी, बँक हो म्हणे किंवा नाही म्हणे, आणि ही सगळी विचारपूस गजेंद्र एकटा, एका खुर्चीत बसून, तिघांच्या वतीने करी. दोन महिने करत होता. कधीकधी दुपारी, ऊन असं पडे की वेणा नदीच्या पुलावरचं डांबर माणसाच्या चपला ठेवून घेई आणि माणसाला पुढे सोडी, अशा वेळी त्याला वाटे की आपणही आत असेच आहोत. आपणच मागतो, आपणच देतो, आपणच नाही म्हणतो. बाहेरची तार कोणी जोडलेलीच नाही. मिलच्या कॉम्प्युटर खात्यात तो होता तेव्हा तसं नव्हतं. तिथे सकाळी तो एक कागद काढी आणि दुपारी त्या कागदावरून चारशे माणसांच्या पाळ्या बदलत. मग खातं बंद झालं. कॉम्प्युटर लिलावात गेले, आणि गजेंद्र सासऱ्यांच्या दुकानात आला, तिथे जिनिंगच्या मशिनींचे पट्टे, रोलर, बेअरिंग विकले जात आणि कोणता पट्टा कोणत्या मशीनचा हे प्रभाकरराव नुसत्या वासावरून ओळखत. गजेंद्रला वास येत नसे. त्याला पट्टे सगळे सारखे वाटत. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून तर हे काढलं होतं. आदिलाबादच्या, पांढरकवड्याच्या जिनिंगवाल्याने तिकडेच बसून माल मागवावा, तिकडूनच कार्डाने पैसे भरावे. प्रभाकररावांनी तीन गोष्टी विचारल्या होत्या. किती लागते? काहीच नाही, सॉफ्टवेअर फुकट आहे. फुकट काऊन? ते बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय, कोणीही पोट उघडून पाहावं, पाहिजे तर बदलावं. मग त्यायचं पोट कशावर चालते? आणि सुपारी चघळत चघळत प्रभाकरराव म्हणाले होते, "करून पाहा जवाईबापू. मे महिन्यापर्यंत. झालं तं झालं. नाई झालं तं हा डब्बा विकू, अन् तुमी नाचणगावचं गोदाम सांभाळजा. तिथंबी घरचं माणूस पाह्यजेच."

नाचणगावचं गोदाम म्हणजे जुने रोलर, कुरतडलेले पट्टे आणि कवडूकाका. प्रभाकररावांचे धाकटे भाऊ कवडूकाका एकोणीस वर्षांपूर्वी एका चुकीपायी तिथे गेले. चूक काय होती ते आता खुद्द प्रभाकररावांनाही आठवत नसे. दिवाळीला कवडूकाका हिंगणघाटला येत तेव्हा पंगतीत बसल्यावर आधी ताटाखाली काही आहे का ते उचलून पाहत. गोदामातल्या विंचवांनी लावलेली सवय. शेवटी शेवटी तर गोदामाचे उंदीर त्यांच्या हजेरीवर येत-जात असं म्हणत, आणि काका गेल्या पौषात वारले तेव्हा आठ दिवस एकही उंदीर दिसला नाही, हेही म्हणत. आता जागा रिकामी होती. त्याच्या बायकोने, सपनाने, एकदाच विषय काढला होता. "आपल्या रक्षाची शाळा इथं आहे. मी तं नाई येत तिथं," ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, रागाने नाही, उद्या एकादशी आहे असं सांगावं तशी. गजेंद्रला त्या रात्रीपासून ताटाखाली हात घालून पाहावंसं वाटू लागलं.

आणि बोहनीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची, भानगड तर अशी फुसकी की सांगायला गेलं तर जीभ अडखळावी. सॉफ्टवेअरबरोबर चाचण्यांची एक यादी आली होती. रोज सकाळी मशीन चालू केलं की ती यादी आपोआप वरून खाली चालत जाई, आणि यादीतली पहिली चाचणी होती खोट्या कार्डाची. बरोबरच होतं ते. दार उघडण्याआधी कुलूप लागतं की नाही ते पाहावं, तसं. म्हणून रोज सकाळी दहाला, प्रभाकरराव गल्ल्याला, तराजूला आणि आता मशीनलाही उदबत्ती ओवाळत असताना, प्रिंटर पहिला कागद काढी: 'नाकारले'. तिसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी विचारलं, हे रोज काय नाकारून राह्यलं? गजेंद्रने समजावलं. खोटं गिऱ्हाईक आहे, मामाजी. खोटं कार्ड. त्याला परत पाठवायलाच पाहिजे. प्रभाकररावांच्या हातातली उदबत्ती थांबली. "पह्यलं गिऱ्हाईक?" ते म्हणाले. "बोहनीचं गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यले तुमी? माह्या दुकानातून?" खोटं आहे हो, मामाजी. "खोटं का असंना. त्यानं तोंड दाखवलं न? बोहनीच्या गिऱ्हाइकाले साठ वर्सात नाई म्हटलं नाई इथं. माह्या बापानं एकाले पट्टा देल्ला तं आपल्या कमरेचा देल्ला होता." त्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात कुत्रं फिरकलं नाही. ऊन सेहेचाळीस होतं, गावात कुठल्याच दुकानात फिरकलं नसेल. पण प्रभाकरराव दर अर्ध्या तासाने प्रिंटरकडे पाहत आणि नि:श्वास टाकत.

चार ओळी. फक्त चार ओळी लिहिल्या गजेंद्रने. सॉफ्टवेअरचं पोट उघडं होतंच. दिवसातला पहिला व्यवहार असेल तर काही तपासू नको, सरळ हो म्हण. दुसऱ्यापासून नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्तीच्या धुरात प्रिंटरने 'स्वीकारले' छापलं, आणि प्रभाकररावांनी तो कागद फाडून गल्ल्यात ठेवला. "शिकलं," ते म्हणाले. "मशीनले रीत शिकवाच लागते." गजेंद्रला त्या शब्दांनी इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचीच कीव आली. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि सासऱ्याने मशीनची पाठ थोपटली तर याचे खांदे सैल होतात. काढून टाकू, त्याने ठरवलं होतं. दाखवायच्या आधी त्या ओळी काढू. मग वाटलं, पाहुण्यांसमोर कागद नकोत म्हणून त्या दिवसापुरती यादी बंदच ठेवायची आहे, तर सकाळी त्यातली एक चाचणी आपणच हाताने उरकून टाकू. म्हणजे बोहनी होऊन जाईल आणि रूपरावांचा व्यवहार दुसरा ठरेल. आणि आज सकाळी तो मशीनला हात लावायला गेला तेव्हा प्रभाकरराव आधीच खुर्चीजवळ उभे होते, नवं धोतर नेसून. "आज कोणी हात नोका लावू. रूपरावचा हात चांगला आहे. बोहनी त्यायच्याच हातानं होऊ द्या." आताही हरकत नव्हती. कागदावरचा नंबर टाकला असता तर मशीनचं 'स्वीकारले' बरोबरच ठरलं असतं. त्या ओळी तिथे आहेत हे ब्रह्मदेवाला कळलं नसतं. माणूस आपल्या जीपचा नंबर टाकेल हे कोणाच्या मनात येणार?

"काऊन हो प्रभाकरराव," रूपराव पावती वाऱ्यावर हलवत म्हणाले, "सांगा न. याच्यात चूक कोनाची? मशीनची का जवाईबापूची?"

आता प्रभाकरराव पुढे आले. त्यांनी गजेंद्रकडे पाहिलं. ते पाहणं किती वेळ चाललं हे गजेंद्रला पुढे कधीच ठरवता आलं नाही. कूलरमधून एक थेंब सुटून खाली पडेपर्यंतचा तो वेळ असेल. पण त्या थेंबात त्याला दिसलं की म्हाताऱ्याला कळलंय. सगळं नाही, ओळी वगैरे नाही. पण हे आपल्यापायी झालंय, बोहनीपायी झालंय, एवढं त्या डोळ्यांना नक्की कळलं होतं. गजेंद्रने तोंड उघडलं. मी केलं, मामाजी, एवढं म्हटलं की झालं. मग विचारतील काऊन. मग सांगावं लागेल, रूपरावांच्या देखत, की तुमच्यासाठी. आणि साठ वर्षांची रीत रूपरावांच्या जीपमध्ये बसून रोहण्याला, आर्वीला, जिल्हाभर हसत हिंडेल. आणि रविवारी गोदामाची किल्ली. तोंड तसंच उघडं राहिलं.

"फुकटचा माल," प्रभाकरराव म्हणाले. नजर त्यांनी रूपरावांकडे वळवली होती. "फुकटचा माल असाच राह्यते, रूपराव. बनवनाराचीच खोट आहे. जवाईबापू काय करन त्याच्यात? काऊन जवाईबापू?"

आणि गजेंद्रने मान हलवली. हो म्हणून हलवली. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या आतल्या लुटुपुटीच्या बँकेने काही न तपासता हो म्हटलं होतं.

रूपराव चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी पावती मागून घेतली, जिनिंगवर चिकटवतो म्हणाले. ते गेल्यावर गजेंद्र मशीन झाकायला लागला तर प्रभाकरराव म्हणाले, "झाकू नोका. पत्र ल्याहा." कोणाला? "कंपनीले. बेअरिंग खराब निंगालं तं आपन कंपनीले पत्र टाकतो का नाई? टाकतो. मंग याच्या कंपनीलेबी टाका. लेखी जवाब येऊ द्या. जवाब येतवरी नाचनगावचं राहू द्या." कंपनी नाही, मामाजी, एक माणूस आहे. "मंग मानसाले टाका." आणि स्टूल ओढून ते शेजारी बसले.

तो माणूस होता युहानी. फिनलंडमधल्या कुठल्याशा गावचा, रेल्वेच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेला, बायको गेलेली. हे सॉफ्टवेअर मुळात त्याने गावातल्या बायकांच्या लोकरी मोज्यांच्या दुकानासाठी लिहिलं आणि मग जगासाठी उघडं ठेवून दिलं. गजेंद्रने दोन महिन्यांत त्याला एकोणतीस प्रश्न विचारले होते. एकोणतीस उत्तरं आली होती. पहिल्या उत्तरात 'प्रिय गजेंद्र' असं होतं. नुसतं गजेंद्र. जवाईबापू नाही, राव नाही, अरे नाही. ती मेल त्याने किती वेळा वाचली असेल, दुकानाच्या फोनची लाइन अडकवून, बाहेर गिऱ्हाइकांचे फोन थडकत असताना. युहानी बर्फाचं लिही, गजेंद्र उन्हाचं लिही. एकदा त्याने लिहिलं होतं, इथे ऊन इतकं आहे की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते; आणि युहानीने ते खरं धरून, कोंबडीला त्रास होत नाही ना, असं कळवळून विचारलं होतं.

"ल्याहा," प्रभाकरराव सांगू लागले. "पत्र लिहिन्यास कारन की, आपला माल सदोष निंगाला. चारचौघात आमची बेइज्जती झाली." गजेंद्रची बोटं ते इंग्रजीत करत गेली. खोटं कार्ड स्वीकारलं जातं. दिवसातलं पहिलं, एवढं त्याने लिहिलं नाही. "तरी तातडीने चौकशी करून लेखी कळवावे." प्रिय युहानी हे शब्द तेवढे त्याने स्वतःहून वर घातले, आणि पाठवल्यावर त्याला वाटलं तेच घालायला नको होते.

उत्तर तासाभरात आलं. माफ कर. भयंकर चूक आहे ही, मी लगेच पाहतो. दुसऱ्या दिवशी: मला सापडत नाही, माझ्याकडे खोटं कार्ड नाकारलंच जातंय, पण तू पाहिलंस म्हणजे असणारच. तिसऱ्या दिवशी: डोळे थकतात म्हणून सगळं कागदावर छापून घेतलंय, चाळीस हजार ओळी, आणि एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचतोय. गजेंद्र हे वाचे आणि त्याला तो माणूस दिसे. लाकडी घर, टेबल, कागदांचा ढीग, पट्टी. पट्टी एक ओळ खाली सरकते. त्या ओळीत काही नाही. आणखी एक ओळ. तिथेही नाही. नसणारच, त्या चार ओळी इथे होत्या, हिंगणघाटात, उदबत्तीच्या राखेखाली. तो गिऱ्हाइकाला पट्टा मोजून देताना मध्येच थांबे, कारण तिकडे पट्टी सरकलेली असे.

"कंपनीचं काय?" सपनाने विचारलं. ती आंब्याच्या फोडींना मीठ लावत होती.

"शोधतोय तो."

"एकलाच?"

"एकटाच. बायको वारली त्याची."

सपनाचा हात मिठात थांबला. "मंग एवढं वाचता वाचता त्याले जेवाची याद कोन देत असन?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता फोडी हलवू लागली. गजेंद्र उठून मोरीवर गेला आणि उगाच तोंड धुतलं. पाणी गरमच होतं. सांगून टाकावं, त्याने ठरवलं. उद्या सकाळी, दुकान उघडताच. दोन वाक्यं. चूक माझी आहे. ओळी माझ्या आहेत. युहानी हसेल बहुतेक. बोहनीची गोष्ट ऐकून तर दोनदा हसेल. आणि मग तो लेखी कळवेल, कारण तो सगळंच लेखी कळवतो, आणि प्रभाकरराव विचारतील, जवाब आला काय, वाचून दाखवा. वाचताना बदलता येईल. पण मग चौकशी संपली. आणि ती संपली की नाचणगाव. जवाब येतवरी, असंच म्हणाले होते ते. जोवर पट्टी सरकतेय तोवर रक्षा सकाळी शाळेला जाताना त्याच्याकडून पेनात शाई भरून घेणार होती.

सकाळी दुकान उघडलं तर युहानीचीच मेल येऊन बसली होती. तुझ्याकडची प्रत जशी आहे तशी मला पाठव, प्रिय गजेंद्र. कदाचित तुझ्यापर्यंत येताना काही बिघडलं असेल. गजेंद्र खुर्चीत बसला. प्रभाकरराव अजून आले नव्हते. प्रत पाठवली की एका मिनिटात सापडेल. हे म्हणजे न बोलता सांगणंच झालं. तोंड उघडायला नको, हात पुरेसा आहे. त्याने सॉफ्टवेअरचं पोट उघडलं. त्या चार ओळी जिथल्या तिथे होत्या, नीट, ओळीने, त्याच्याच हातच्या. त्याने त्या वाचल्या. मग पुसून टाकल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. यादी वरून चालू झाली, पहिलं खोटं कार्ड आलं, आणि प्रिंटरने कागद काढला: 'नाकारले'. किती चोख. किती सुंदर काम केलं होतं त्या माणसाने. तो कागद त्याने चुरगळून खिशात घातला आणि ती स्वच्छ, धुतलेली प्रत पाठवून दिली.

चार दिवसांनी उत्तर आलं. तुझी प्रत आणि माझी प्रत शब्दन्‌शब्द सारखी आहे, युहानीने लिहिलं होतं. म्हणजे दोष माझ्याच मुळात आहे आणि तो मला दिसत नाही. चाळीस वर्षं तिकीटखिडकीवर एकही चुकीचं तिकीट दिलं नाही म्हणून मला फार घमेंड होती. आता माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. दोष सापडेपर्यंत हे कोणी वापरू नये अशी सूचना मी लावली आहे. मोज्यांचं दुकानही बंद ठेवलं आहे. बायका रागावल्या, पण दुसऱ्याचे पैसे बुडण्यापेक्षा ते बरं. तू सांगितलंस त्याबद्दल तुझे उपकार आहेत. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं.

प्रभाकरराव उदबत्ती घेऊन आत आले. गल्ल्याला ओवाळली, तराजूला ओवाळली. मशीनपाशी आल्यावर क्षणभर थांबले आणि त्यालाही ओवाळली.

"पत्र आलं काय?"

"आलं."

"काय म्हन्ते?"

गजेंद्रने पडद्याकडे पाहिलं. उत्तर लिहायच्या रिकाम्या चौकटीत ती उभी काडी लुकलुकत होती.

"पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून राह्यला."

"वाचू द्या," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी राख झटकली, स्टूल जवळ ओढलं आणि नाचणगावच्या किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर मागे, कॅलेंडरच्या आड सरकवला. "सावकास वाच म्हना. घाई नाई आपल्याले."